एस्पेरांतोत 'जातो' की 'जाते'? मराठी माणसासाठी लिंग आणि सर्वनामं

ई-मेल आला, आली की आलं? यावरून आमच्या कचेरीत एकदा जेवणाची अख्खी सुट्टी संपली. एकाचा मेल 'आला', दुसरीची 'आली' आणि माझं 'आलं'. कोणीच हटेना. त्याच महिन्यात एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकायला घेतली होती आणि पहिल्याच धड्यात कळलं, की या भाषेत टेबल, खुर्ची, पंखा, मेल, कशालाच लिंग नाही. मनात म्हटलं, चला, सुटका झाली.

सुटका अर्धीच झाली होती. नामांना व्याकरणाचं लिंग नाही हे खरं, पण नात्यांच्या शब्दांत आणि 'तो-ती'मध्ये ते ठाण मांडून बसलेलं आहे. शिवाय मला मिळालेली पुस्तकं इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेली होती. त्यांना जे पान-पानभर समजावून सांगावं लागतं, ते आपल्याला आईच्या मांडीवर मिळालेलं असतं. आणि आपण जिथे अडखळतो तिथे ती पुस्तकं गप्प. म्हणून ही पायऱ्यांची यादी, मराठीतून येणाऱ्यासाठी.

सुरुवातीला उच्चाराचं एवढंच: एस्पेरांतो रोमन लिपीत लिहितात, काही अक्षरांच्या डोक्यावर टोपी असते. इथे सगळं देवनागरीत दिलंय. टोपीवाला सी म्हणजे 'चिमणी'तला च, बिनटोपीचा सी म्हणजे 'चमच्या'तला च (तो मी 'त्स' असा दाखवलाय). टोपीवाला जी म्हणजे 'जीवा'तला ज, आणि रोमन जे म्हणजे य. दोन च वेगळे ओळखायला इतरांना सराव लागतो. आपल्याला फक्त आठवण लागते. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर.

पायरी १: क्रियापदाला लिंग विचारू नका

'ईरी' म्हणजे जाणे. वर्तमानाला 'ईरास', भूतकाळाला 'ईरिस', भविष्याला 'ईरोस'. संपलं. मी ईरास, वी ईरास, ली ईरास, शी ईरास. पुरुष बदला, वचन बदला, लिंग बदला, क्रियापद ढिम्म हलत नाही.

वाचताना हे सोपं वाटतं. बोलताना मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं होतं, भाजीत मीठ घालायचं विसरल्यासारखं. कारण मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते' यांच्यामधलं, दोन्ही असलेलं किंवा दोन्ही नसलेलं वाक्य साध्या वर्तमानकाळात सापडत नाही. 'मी जाईन' म्हणता येतं, 'मी आंबा खाल्ला' म्हणता येतं, तिथे बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. या लेखाची वरची वाक्यं परत चाळा. लिहिणारा पुरुष आहे की बाई हे तुम्हाला कळलं नसेल. 'शिकायला घेतली', 'कळलं', 'म्हटलं' अशा आडवाटांनी मी ते टाळत आले. आता 'आले' म्हटल्यावर फुटलं गुपित. मराठीत चार परिच्छेद टाळताना माझी दमछाक झाली. एस्पेरांतोत अख्खं आत्मचरित्र तसं लिहून होईल आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही.

ही भाषा घडवणारे लुडविक झामेनहोफ हे डोळ्यांचे डॉक्टर. १८८७ मध्ये वॉर्सात त्यांनी पहिली पुस्तिका काढली. ते रशियन, यिडिश, पोलिश यांच्या गराड्यात वाढले. रशियन आणि पोलिशमध्ये भूतकाळाचं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं, थेट आपल्या 'गेलो-गेले'सारखं. म्हणजे हा माणूस आपल्याच गावचा म्हणायचा. शाळेत इंग्रजीशी गाठ पडली तेव्हा रूपांचा एवढा पसारा भाषेला अटळ नसतो हे ध्यानात आलं, असं त्यांनी पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय.

सराव म्हणून आठवडाभर रात्री झोपताना दिवसभरात काय केलं ते पाच वाक्यांत 'मी …इस' असं म्हणा. जीभ रुळते.

पायरी २: विशेषणाच्या 'आ'ला पुल्लिंग समजू नका

एस्पेरांतोत प्रत्येक नाम 'ओ'ने संपतं आणि प्रत्येक विशेषण 'आ'ने. 'बेला' म्हणजे सुंदर. बेला वीरो (पुरुष), बेला विरीनो (बाई), बेला दोमो (घर). तिन्ही ठिकाणी 'बेला'च.

इथे आपला कान दगा देतो. चांगला, चांगली, चांगलं या सवयीत 'आ' म्हणजे पुरुष आणि 'ई' म्हणजे बाई असं पक्कं ठोकून बसवलेलं असतं. सुरुवातीला मी एकदा आईबद्दल लिहिताना 'बोना' (चांगली) ऐवजी 'बोनी' लिहून मोकळी झाले. आता एस्पेरांतोत 'ई'ने संपणारा शब्द म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, आणि 'ए'ने संपणारा म्हणजे क्रियाविशेषण. तेव्हा 'बोनी' म्हणजे 'चांगलं असणे' आणि 'बोने' म्हणजे 'चांगल्या रीतीने'. 'माझी आई चांगली आहे' असं लिहायला जाऊन 'माझी आई आहे चांगलं असणे' असं काहीतरी झालं. नीट वाक्य: मीआ पात्रीनो एस्तास बोना.

विशेषण बदलतं ते फक्त दोन गोष्टींसाठी. अनेकवचनाला 'य' लागतो: बेलाय दोमोय. कर्माला 'न' लागतो: मी वीदास बेलान दोमोन, म्हणजे मला सुंदर घर दिसतंय. लिंगासाठी काहीही नाही.

पायरी ३: सर्वनामं पाठ करा (दहा मिनिटांचं काम)

मी: मी
वी: तू, तुम्ही, आपण
ली: तो
शी: ती
जी: ते (वस्तू, प्राणी, आणि आणखी एक, पुढे येतंय)
नी: आम्ही, आपण
ईली: ते, त्या, ती (अनेकवचन)
ओनी: लोक, कोणीही
सी: आपण स्वतः

'शी'वर एकदा पोटभर हसून घ्या आणि पुढे चला. 'मी' तर फुकटच मिळालं. तो निव्वळ योगायोगही नाही: युरोपातल्या भाषांतला 'म' आणि आपला 'म' एकाच जुन्या घराण्यातले. 'वीरो' ऐकून 'वीर' आठवला असेल तर तेही नातं खरं आहे.

मागे 'आ' लावला की षष्ठी तयार: मीआ, वीआ, लीआ, शीआ, जीआ, नीआ, ईलीआ, सीआ. 'न' लावला की कर्म: मीन, वीन, लीन, शीन. आपण 'त्याचा-त्याची-त्याचं' आणि 'तिचा-तिची-तिचं' म्हणतो तेव्हा मालकाचं लिंगही सांगतो आणि मालकीच्या वस्तूचंही. एस्पेरांतो फक्त मालकाचं सांगते. लीआ फीलो, लीआ फिलीनो, लीआ दोमो: त्याचा मुलगा, त्याची मुलगी, त्याचं घर.

पायरी ४: आदर सर्वनामात शोधू नका

१९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन-स्युर-मेर इथे पहिलं जागतिक संमेलन भरलं आणि 'फुंदामेंतो' नावाचं पायाभूत पुस्तक भाषेचा आधार म्हणून स्वीकारलं गेलं. त्यातला सोळावा धडा सर्वनामांचा आहे आणि मराठी माणसाने तो डोळ्यांखालून घालावाच. त्यात तीन वाक्यं पाठोपाठ येतात: 'क्नाबो, वी एस्तास नेजेन्तीला.' 'सिन्योरो, वी एस्तास नेजेन्तीला.' 'सिन्योरोय, वी एस्तास नेजेन्तीलाय.' मुला, तू उद्धट आहेस. महाशय, तुम्ही उद्धट आहात. महाशयहो, तुम्ही उद्धट आहात. तिन्हींना 'वी'. फरक फक्त शेवटच्या 'य'मध्ये, आणि तो आदराचा नाही, संख्येचा. त्याच धड्यात कुत्र्यालाही 'वी' म्हटलंय.

'तू'साठी 'त्सी' असा शब्द त्या धड्यात आहे, पण तिथेच कंसात सांगितलंय, की त्याऐवजी सहसा 'वी' वापरतात. तो माहीत असू द्या, वापरू नका.

'वी'ची सवय दोन दिवसांत होते. खरी ठेच लागते ती तिसऱ्या पुरुषात. 'सर आलेत, ते वर्गात आहेत' हे 'ते' आपण इतकं सहज म्हणतो, की एस्पेरांतोत बोट आपोआप 'ईली'कडे जातं. मी एका पत्रमैत्रिणीला आजोबांबद्दल दोन पानं लिहिली होती, सगळीकडे 'ईली'. तिने उत्तरात विचारलं, तुला आजोबा आहेत तरी किती? एक माणूस असेल तर 'ली' किंवा 'शी', मग ते आजोबा असोत, गुरुजी असोत की राष्ट्रपती. आदर दाखवायचा तर 'सिन्योरो', 'सिन्योरीनो', 'बोनवोलू' (कृपया) हे शब्द आहेत, आणि आवाजाचा सूर आहेच.

पायरी ५: 'आम्ही' आणि 'आपण' यांचं भांडण मिटवा

मराठीत 'आम्ही सिनेमाला जातोय' म्हटलं तर ऐकणारा घरी राहतो, आणि 'आपण जाऊ' म्हटलं तर तो चपला घालतो. एस्पेरांतोत दोन्हींना 'नी'. संदर्भाने कळत नसेल तर फोडून सांगायचं: 'नी चीउय' म्हणजे आपण सगळे, 'नी सेन वी' म्हणजे तुम्हाला सोडून आम्ही, 'वी काय मी' म्हणजे तुम्ही आणि मी. हो, 'काय' म्हणजे 'आणि'. पहिले काही दिवस प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वाटतं.

'ईली'त ते, त्या, ती सगळे आले; त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

'ओनी' आपल्याला सोपं. 'ओनी दीरास' म्हणजे 'म्हणतात'. कोण म्हणतात ते आपणही सांगत नाही.

पायरी ६: 'सी', म्हणजेच 'आपला'

इथे जरा थांबू, कारण इथे आपली खरी कमाई आहे. इंग्रजीतून येणारे 'सी'पाशी महिनोन्महिने अडकतात. त्यांच्याकडे 'तो त्याच्या बायकोला बोलावतो' म्हणजे स्वतःच्या की शेजाऱ्याच्या, हे सांगायला सोपा शब्दच नाही. आपल्याकडे आहे.

अनीता स्क्रीबास अल सीआ फ्रातो: अनिता आपल्या भावाला लिहिते.
अनीता स्क्रीबास अल शीआ फ्रातो: अनिता तिच्या, म्हणजे दुसऱ्याच कोणा बाईच्या, भावाला लिहिते.

बोलताना आपण पहिल्या अर्थानेही 'तिच्या' म्हणून टाकतो. एस्पेरांतोत ही ढिलाई चालत नाही. युक्ती अशी: वाक्य मराठीत म्हणून बघा, 'त्याच्या'च्या जागी 'आपल्या' किंवा 'स्वतःच्या' बसतं का? बसलं तर 'सीआ'.

मराठी कान आणखी एक नियम न शिकवता पाळतो. 'अनिता आणि तिचा भाऊ आले' असंच आपण म्हणतो. 'अनिता आणि आपला भाऊ आले' म्हटलं तर अर्थच फिरतो. एस्पेरांतोतही तसंच: अनीता काय शीआ फ्रातो वेनिस. कर्त्याच्या आत 'सी' बसत नाही. दुहेरी वाक्यातही आपला कान बरोबर निवाडा करतो. 'अनिताने पाहिलं, की मीना आपल्या भावाला हाक मारतेय.' भाऊ कोणाचा? मीनाचा. अनीता वीदिस, के मीना वोकास सीआन फ्रातोन: इथेही मीनाचाच. 'सी' आपल्या जवळच्या क्रियापदाच्या कर्त्याला धरून असतं, लांबच्या नाही.

मग घोटाळा कुठे? 'सी' फक्त तिसऱ्या पुरुषाचं आहे. मराठीत 'मी आपलं काम करते', 'तू आपलं बघ' सर्रास चालतं. एस्पेरांतोत 'मी फारास मीआन लाबोरोन', माझं काम, 'सीआन' चुकीचं. शिवाय मराठी 'आपला' बहुरूपी आहे. 'आपली बस आली' मधला 'आपली' म्हणजे 'नीआ'. 'आपलं सहज विचारलं' मधल्या 'आपलं'चं भाषांतर जगातल्या कुठल्याच भाषेत होत नसावं. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी बघा कर्ता तो, ती, ते यांपैकी आहे का, मग 'स्वतःच्या' बसवून बघा, मग 'सी'.

पायरी ७: 'जी' आणि रडणारं मूल

वस्तूंना 'जी' म्हणायचं हे सांगायला नको. प्राण्यांनाही बहुधा 'जी'. नर की मादी हे महत्त्वाचं असेल, किंवा घरातली लाडकी मनी असेल, तर ली-शी. मुंगी ती, साप तो, घुबड ते, ही आपली वाटणी इथे विसरायची.

पण त्या सोळाव्या धड्यात एक वाक्य आहे: 'ला इन्फानो प्लोरास, चार जी वोलास मांजी.' मूल रडतंय, कारण ते खायला मागतंय. मुलाला 'जी'! माणसाच्या लेकराला वस्तूचं सर्वनाम लावलेलं पाहून कित्येकांच्या कपाळाला आठी पडते. आपल्या पडायचं कारण नाही, मराठीत मूल नपुंसकलिंगीच आहे. ते मूल, ते बाळ, ते लेकरू. आजकाल बरेच जण मुलगा की मुलगी माहीत असेल तर ली-शी वापरतात. माहीत नसेल तर 'जी' अजूनही जुन्या वळणाचं, पण शुद्ध.

मोठ्या माणसाचं लिंग माहीत नसेल तर? झामेनहोफ यांना हा प्रश्न विचारला गेला होता. त्यांचं म्हणणं असं, की व्याकरणाने 'जी' बरोबर ठरेल, पण त्यात माणसाला कमी लेखल्याचा भास आहे, तेव्हा रिवाजाप्रमाणे 'ली' म्हणा. म्हणजे अनोळखी माणूस पुरुष धरा. हा सल्ला आज बऱ्याच जणांना पटत नाही, मलाही नाही. नवव्या पायरीवर त्याकडे येऊ.

पायरी ८: 'ईन' प्रत्यय, आणि आई म्हणजे 'बापीण'

एस्पेरांतोचा स्त्रीवाचक प्रत्यय 'ईन'. जर्मनमधून आलेला, पण आपल्याला तो माहेरचाच वाटावा: वाघ-वाघीण, माळी-माळीण, मालक-मालकीण. झामेनहोफ यांना प्रत्ययांची कल्पना सुचली तीही रस्त्यावरच्या दोन रशियन पाट्या वाचून, एक दरवानाच्या खोलीची आणि एक मिठाईच्या दुकानाची. दोन्हींचं शेपूट एकच होतं. एका प्रत्ययात अर्धा शब्दकोश वाचतो हे त्यांनी तिथे हेरलं.

वापरताना नामांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग मुळातच पुरुषवाचक शब्दांचा, मुख्यतः नाती: पात्रो (वडील), फ्रातो (भाऊ), फीलो (मुलगा), एद्झो (नवरा), ओन्क्लो (काका, मामा), आवो (आजोबा), वीरो (पुरुष), क्नाबो (पोरगा), रेजो (राजा). यांना स्त्रीरूप द्यायचं तर 'ईन' हवाच: पात्रीनो, फ्रातीनो, फिलीनो, एद्झीनो. आईला स्वतंत्र धातू नाही, ती 'बापीण'. मला या भाषेचं बरंच काही आवडतं, पण हे नाही. शिकायला सोपं आहे हे मान्य, दोन शब्दांच्या जागी दीड शब्द पाठ करावा लागतो. तरी पहिल्यांदा 'पात्रीनो' म्हणताना आत कुठेतरी खुपलंच. उलट बाजूचे, मुळातच स्त्रीवाचक शब्द हाताच्या बोटांवर: दामो (बाईसाहेब), निम्फो (अप्सरा) असे काही. लाडाने मात्र बाबांना 'पाच्यो' आणि आईला 'पान्यो' म्हणतात, ते गोड आहे.

आणि मराठी नात्यांची बारीक वीण इथे शोधू नका. मावशी, आत्या, काकू, मामी: चारही 'ओन्क्लीनो'. चुलत, मामे, आते, मावस भाऊ: चारही 'कूझो'. मामाच म्हणायचं असेल तर 'फ्रातो दे मीआ पात्रीनो', माझ्या आईचा भाऊ, असं फोडून सांगावं लागतं.

दुसरा ढीग उभयलिंगी: होमो (माणूस), इन्फानो (मूल), आमीको (मित्र, मैत्रीण), नाय्बारो (शेजारी), इन्स्त्रुईस्तो (शिक्षक), कुरात्सीस्तो (डॉक्टर). भाषेचं नावही यातच. झामेनहोफ यांनी 'डॉक्टर एस्पेरांतो' असं टोपणनाव घेतलं होतं. एस्पेरांतो म्हणजे आशा करणारा. किंवा करणारी. मराठीत एक निवडावंच लागतं, तिकडे नाही. जुन्या पुस्तकांत 'इन्स्त्रुईस्तो' म्हणजे बाप्या मास्तर आणि बाई असेल तर 'इन्स्त्रुइस्तीनो' असा रिवाज दिसेल. आज बाईलाही नुसतं 'इन्स्त्रुईस्तो' म्हणतात. माझा सल्ला: बाई आहे हे सांगणं वाक्याला गरजेचं असेल तरच 'ईन' लावा.

एक सावधानता. आपली पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, आणि मास्तरीण म्हणजे शिकवणारीही आणि मास्तरांची बायकोही. एस्पेरांतोचा 'ईन' लग्नाशी संबंध ठेवत नाही. 'इन्स्त्रुइस्तीनो' ही स्वतः शिकवते. मास्तरांची बायको म्हणजे 'एद्झीनो दे इन्स्त्रुईस्तो'.

तिसरा ढीग प्राण्यांचा. 'बोवो' म्हणजे गोवंशातलं जनावर, 'बोवीनो' गाय, 'विर्बोवो' बैल, 'बोवीदो' वासरू. पुढे 'वीर' लावला की नर, मागे 'ईन' लावला की मादी, 'ईद' लावला की पिल्लू. एकदा जमलं की अख्खा गोठा आणि खुराडा भरता येतो.

दोन्ही लिंगं एकत्र असतील तेव्हा 'गे' हा उपसर्ग: गेपात्रोय (आईवडील), गेफ्रातोय (भावंडं), गेसिन्योरोय (सभेला उद्देशून, सभ्य स्त्रीपुरुषहो). हा उपसर्ग परंपरेने अनेकवचनातच येतो. 'भावंड' असा एकवचनी, लिंग न सांगणारा शब्द आपल्याकडे आयता आहे. तिथे 'गेफ्रातो' असं एकवचन काही जण आता वापरतात, काही नाकं मुरडतात.

'ईन'ला जोडीदार म्हणून पुरुषवाचक 'ईच' प्रत्यय वापरणारेही भेटतील: आमीको कोणीही, आमिकीनो मैत्रीण, आमिकीचो मित्र. तो 'फुंदामेंतो'त नाही. ओळखता यावा, पण पहिल्या वर्षी वापरायची घाई नको. ही तक्रार तशी जुनीच आहे. १९०७ मध्ये एस्पेरांतोतून फुटून निघालेल्या इदो भाषेत 'फ्रातो' म्हणजे नुसतं भावंड, 'फ्रातुलो' भाऊ, 'फ्रातीनो' बहीण, आणि तो-ती-ते तिन्हींना चालणारं 'लू' हे सर्वनामही.

पायरी ९: तो की ती माहीत नसेल, किंवा दोन्ही नसेल

चार वाटा आहेत. मी त्या ज्या क्रमाने वापरते त्याच क्रमाने देते.

आधी वाक्य अनेकवचनात नेता येतं का बघा. 'विद्यार्थ्याने त्याचं पुस्तक आणावं' ऐवजी 'विद्यार्थ्यांनी आपापली पुस्तकं आणावीत'. 'ईली' कोणालाच दुखवत नाही. ते जमत नसेल तर 'तीउ', म्हणजे 'ती व्यक्ती': जुना, सर्वमान्य शब्द. लिहिताना 'शी आऊ ली' (ती किंवा तो) असंही चालतं, पण दर ओळीत आलं की सरकारी अर्ज वाचल्यासारखं वाटतं.

चौथी वाट 'री'. लिंग न सांगणारं हे एकवचनी सर्वनाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुचवलं गेलं आणि गेल्या काही वर्षांत, विशेषतः तरुण मंडळींत, चांगलंच रुळलं. षष्ठी 'रीआ', कर्म 'रीन'. जुन्या पठडीतल्या लोकांना ते अजून खटकतं. माहीत नसलेल्या माणसासाठी 'री' वापरायचं की नाही हे तुमच्या आवडीवर. पण समोरच्याने स्वतः सांगितलं असेल, की मला 'री' म्हणा, तर 'री'च म्हणायचं. त्यात व्याकरणाचा प्रश्न उरत नाही.

बंगालीत तो आणि ती दोघांना मिळून एकच सर्वनाम आहे. विश्व एस्पेरांतो संघटनेचे २००७ ते २०१३ या काळातले अध्यक्ष, भाषाशास्त्रज्ञ प्रबाल दासगुप्त हे बंगाली. बंगालीतून येणाऱ्याला 'ली' आणि 'शी' वेगळे करायला शिकावं लागतं, आणि आपण मात्र तीन लिंगांचं गाठोडं सोडत सोडत तिथे पोचतो.

पायरी १०: पाच वाक्यं

खालची उत्तरं झाकून ठेवा आणि आधी स्वतः करा.

मी काल बाजारात गेले. आजी, तुम्ही बसा. तो आपल्या बहिणीला हाक मारतो. आईवडील आलेत, ते बागेत आहेत. बाबा आले, ते दमलेत.

आता उत्तरं.

'मी ईरिस अल ला बाझारो हिएराऊ.' गेले की गेलो, हा प्रश्नच गळाला.

'आवीनो, सिदीजू.' आजीला आणि नातवाला एकच 'सिदीजू'. पुढे 'बोनवोलू' लावला तर आजी खूश.

'ली वोकास सीआन फ्रातीनोन.' 'आपल्या' आहे, कर्ता 'तो' आहे, म्हणून 'सीआन'. 'लीआन' लिहिलं असेल तर तो दुसऱ्याच्या बहिणीला हाका मारतोय. आळीत भांडण लागेल.

'ला गेपात्रोय वेनिस, ईली एस्तास एन ला जार्देनो.' दोघं आहेत, म्हणून 'ईली'.

'पाच्यो वेनिस, ली एस्तास लात्सा.' बाबा एकटेच आलेत. 'ईली' लिहिलं असेल तर चौथ्या पायरीवर परत जा. मीही अजून अधूनमधून जाते.